मिट्टी साबुत

तीस वर्षं मी लोखंड थंड व्हायची वाट पाहिली. बाई, तुम्ही नक्की काय करता, असं कुणी विचारलं तर याचं खरं उत्तर एवढंच होतं. लोक हसायचे. लग्नकार्यात नागपूरकडचे नातेवाईक भेटले की म्हणायचे, म्हणजे काय, पंखा लावून बसता का भट्टीपुढे? आधी मीही हसायचे. मग हसणं सोडलं, कारण अगदी हेच वाक्य पुढे आमच्या मालकांच्या तोंडून ऐकलं आणि त्यांनी ते विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कारखान्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. एक गंमत सांगते. बाकी जे सांगणार आहे त्यात गंमत नाही, आणि छापायचं नसेल तर लेख खुशाल परत पाठवावा. मला त्याचा राग येणार नाही. माझा राग जुना आहे आणि तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

आधी धंदा सांगते. लोखंडी तार घेऊन एकाच जागी पाच-सात वेळा इकडे-तिकडे वाकवा. सुरुवातीला ती मुकाट वाकते, मग हट्टाला पेटते, मग कट्‌कन तुटते. लहानपणी हा उद्योग सगळ्यांनी केलेला असतो. ती हट्टाला पेटते तेव्हा तिच्या आत ताण साचलेला असतो. धातू ठोकला, ओढला, लाटला, वेल्डिंगनं जोडला, की हा ताण आत बसतोच. बाहेरून काही दिसत नाही. तो काढायचा तर तुकडा भट्टीत घालून ठरलेल्या तापमानापर्यंत न्यायचा, तिथं काही तास तसाच ठेवायचा, म्हणजे आतली रचना सैल होऊन नव्यानं नीट बसते. मग भट्टी बंद करायची आणि दार न उघडता त्याला आतच थंड होऊ द्यायचं. मोठा तुकडा असेल तर तासाला दहा-बारा अंश, जास्त नाही. याला अ‍ॅनिलिंग म्हणतात. पुस्तकी मराठीत अनुशीतन. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात आमच्या कारखान्यात त्याला नुसतं 'नरम करना' म्हणायचे.

तापवणं कुणालाही जमतं. आजकाल बटण दाबलं की तापतं. थांबणं मात्र जमत नाही, आणि या धंद्यातली सगळी अक्कल थांबण्यात आहे. आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून एकच विचारायचं, की गरम करून गारच करायचंय ना, मग चार दिवस कशाला? पाण्याचा फवारा मारा. या माणसांना भाताला वाफ येईपर्यंत झाकण काढू नये एवढं घरी कळत असतं. कारखान्याच्या फाटकातून आत आले की कळेनासं होतं.

मध्य प्रदेशाची राजधानी हलली तेव्हा माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. माझा जन्म इथला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमची वाढ झाली. मी धातुशास्त्राची पदविका घेतली आणि गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, कडकपणा मोजायचं एक जुनं यंत्र, एक सूक्ष्मदर्शक आणि मी. भट्टी शब्बीरभाईंची होती. म्हणजे मालकी भैयाजींची. सगळा कारखाना मालकांना भैयाजी म्हणायचा. पण भट्टीचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच, तो शब्बीरभाई. त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं होतं. तरुणपणी कप्पीच्या साखळीत गेलं होतं. त्याच हातानं ते भट्टीच्या पत्र्याला लांबून ऊब घेऊन आतलं तापमान सांगायचे आणि वीस-तीस अंशांपलीकडे कधी चुकायचे नाहीत.

गंमत सांगायची ती त्यांचीच. चार इमलीच्या, म्हणजे बड्या सरकारी साहेबांच्या वस्तीतल्या, एका बंगल्यातून शिपाई एक मोठा तांब्याचा हंडा घेऊन आला. साहेबांच्या आईचा हंडा, पोचा पडलेला. तांबटाकडे दिला तर तो म्हणे, ठोकला की चिरतो. साहेबांना कुणीतरी सांगितलं की गोविंदपुऱ्यात लोखंड मऊ करून देतात. शब्बीरभाईंनी हंडा मागच्या अंगणात नेला, गॅसच्या ज्योतीवर फिरवून फिरवून मंद लाल केला आणि सरळ पाण्याच्या टाकीत बुडवला. शिपायाच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब मला सोडणार नाहीत, म्हणून तो रडकुंडीला आला. पण तांब्याला घाई चालते. पाण्यात टाकलं तरी ते मऊच राहतं. तांबटानं दुसऱ्या दिवशी हंडा सरळ केला आणि आठवड्यानं साहेबांची चिठ्ठी आली, की सदर प्रक्रियेचं प्रमाणपत्र पाठवावं. मी ते पाठवलं. सही-शिक्क्यासकट. तेव्हा माझ्या सहीचा मला फार अभिमान होता.

आता मिट्टी. आमची भट्टी जुनी, तिच्या दाराच्या कडेला फटी होत्या. भट्टी बंद केली की शब्बीरभाई त्या फटी ओल्या चिकणमातीनं लिंपायचे, म्हणजे बाहेरची हवा आत जाणार नाही. खालच्या कोपऱ्यात, जिथं पत्रा हाताला सोसतो तिथं, मातीचा एक मोठा गोळा थापायचे आणि त्यावर आपला उजवा पंजा दाबायचे. त्यांच्या उस्तादानं त्यांना तसं शिकवलं होतं. माती वाळली की पंजा कोरून ठेवल्यासारखा राही. मधे कुणी दार उघडलं तर माती फुटणार आणि पंजा मोडणार. भट्टी उघडायच्या दिवशी सकाळी मी जाऊन ती माती पाहायची, रजिस्टरात 'मिट्टी साबुत', म्हणजे माती शाबूत, असे दोन शब्द लिहायचे, शेजारी तापमान लिहायचं, आणि मग शब्बीरभाई छिन्नीनं माती फोडायचे. हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं. पण बाहेरून तपासणीला येणारे अधिकारीसुद्धा आमच्या रजिस्टरात हे दोन शब्द शोधायचे.

बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्याचा मोठा रोल आमच्या भट्टीत होता. रोल म्हणजे भरीव पोलादी दंडगोल, माणसाच्या उंचीचा. शनिवारी संध्याकाळी साडेआठशे अंशांवरून भट्टी बंद झाली. शब्बीरभाईंनी माती लिंपली, पंजा दाबला आणि मी घरी जायच्या आधी तो पाहिला. रविवारी कारखान्याला सुट्टी. हिशेबानं दार मंगळवारी सकाळी उघडायचं होतं. गिऱ्हाइकाला रोल सोमवारी हवा होता आणि शनिवारी दुपारी भैयाजी माझ्या खोलीत येऊन ते पंख्याचं वाक्य म्हणून गेले होते. तीन दिन आप लोग करते क्या हो, पंखा झलते हो?

सोमवारी सकाळी आठला मी पोचले तर फाटकात ट्रक उभा. भट्टीच्या काट्यावर चारशेच्या वर तापमान हवं होतं. काटा एकशे ऐंशीवर होता. तापमानाचा आलेख काढणाऱ्या यंत्रातला कागद शनिवारी संध्याकाळीच संपलेला दिसत होता. शब्बीरभाई दारापुढे उकिडवे बसले होते. मला पाहून उठले नाहीत. त्यांनी आपला उजवा पंजा मातीतल्या पंजाशेजारी धरला. मातीतल्या पंजाला पाचही बोटं पुरी होती.

"मैडम, ये पंजा अपना नहीं है," ते म्हणाले. "किसी ने कल खोला है."

एवढं स्वच्छ. यात न कळण्यासारखं काय होतं? रविवारी कुणीतरी येऊन साडेसहाशे अंशांच्या आसपास दार उघडलं होतं, तास-दोन तास थंड हवा आत घेतली होती, दार लावून नवी माती लिंपली होती आणि वर पंजाही उठवला होता. पंजा उठवायचा असतो हे त्या माणसाला माहीत होतं. शब्बीरभाईंच्या हाताकडे मात्र त्यानं इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट आजही आठवली की माझं डोकं फिरतं.

मी भैयाजींकडे गेले. विचारलं, काल कुणी आलं होतं का? त्यांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं की कुणी नाही, थंडी फार पडली आहे, म्हणून लवकर निवलं असेल. साडेआठशे अंशांच्या बंद भट्टीला भोपाळची थंडी बाधली म्हणे. मी धातुशास्त्र शिकलेली बाई, समोर उभी राहून हे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, मिट्टी साबुत है ना? मी म्हटलं, आहे. आणि ते खरं होतं. माती कुठंही फुटलेली नव्हती.

मला कुणी धमकावलं नाही, हे लिहायला सगळ्यात जड जातंय. नोकरी जाईल असं कुणी सुचवलंसुद्धा नाही. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, भैयाजी फायलीत बघत होते आणि मला वाटलं, कशाला ही कटकट? रोल बाहेर निघाल्यावर मी त्याचा कडकपणा मोजला. तो बरोबर आला. येणारच होता. ताण कडकपणाच्या यंत्राला कळत नाही, हे मी दरवर्षी शिकाऊ मुलांना स्वतः शिकवत होते. त्या दिवशी मी तो बरोबर आलेला आकडा पाहून सुटले. रजिस्टरात लिहिलं, मिट्टी साबुत. प्रमाणपत्रावर सही केली. शब्बीरभाई खिडकीतून पाहत होते.

सव्वा महिन्यानं मंडीदीपला तो रोल लेथवर कातायला चढवलेला असताना फुटला. आतला ताण एका बाजूनं मोकळा झाला की असंच होतं. मोठा तुकडा उडाला आणि लेथ चालवणाऱ्या हरिप्रसाद नावाच्या कारागिराच्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. मी त्यांना दवाखान्यात एकदा पाहिलं, लांबून. जवळ जायची हिंमत झाली नाही.

मग चौकशी. बाहेरून दोन अधिकारी आले, रजिस्टर मागवलं. भैयाजींनी त्यांना जे समजावलं ते इतकं नीटस होतं की मी थक्क झाले. ते म्हणाले, मॅडमचं रजिस्टर पाहा. सोमवारी सकाळी मिट्टी साबुत. म्हणजे शनिवार ते सोमवार कुणी दार उघडलेलं नाही. मग रोल बिघडला तो मिट्टी लावण्याआधीच. शनिवारी भट्टी बंद करताना दार उघडं ठेवून कुणीतरी घाईनं थंड केलं आणि मग मिट्टी लिंपली. मिट्टी लिंपली कुणी? शब्बीरनं. आलेखाचा कागद बदलायचं काम कुणाचं? शब्बीरचं. म्हणजे माझे दोन शब्द घेऊन त्यांनी शब्बीरभाईंच्या गळ्यात फास टाकला.

शब्बीरभाईंनी पंजाचं सांगितलं. पण माती तर फोडून फेकलेली होती. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुम्ही पंजा पाहिला होता का? मी म्हटलं, मी माती पाहिली, ती साबुत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, पंजा? मी म्हटलं, लक्षात नाही.

लक्षात नाही. आज बारा वर्षांनी त्या पंजाची बोटं मी मोजून दाखवू शकते.

शब्बीरभाईंना काढलं. सव्वीस वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. दोन महिन्यांनी माझ्या प्रयोगशाळेत कडकपणा मोजायचं नवं यंत्र आलं, जे मी पाच वर्षं मागत होते आणि मिळत नव्हतं. ते कशाबद्दल आलं हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. तरी मी ते वापरलं. निवृत्तीपर्यंत वापरलं. निरोपाच्या दिवशी भैयाजींनी शाल दिली आणि भाषणात म्हणाले, मॅडमचं रजिस्टर म्हणजे दगडावरची रेघ. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

हे सगळं मी बरोबर घेऊन मेलेच असते. मला उकरलं ते माझ्या भाचीनं, आणि तिला अजूनही ते ठाऊक नाही.

मुक्ता माझ्या बहिणीची मुलगी. इथं भोपाळात कोटरा सुल्तानाबादला माझ्याकडेच राहते आणि एका प्रयोगशाळेत काम करते. जनावरांचे आजार डीएनएवरून ओळखायचं काम. यंदा पावसाळ्यात एका संध्याकाळी ती वैतागून घरी आली. म्हणाली, "मावशी, आज पूरा दिन वेस्ट. अ‍ॅनिलिंगचं टेम्परेचर गडबडलं."

मी चमकले. तुमच्याकडे कुठली भट्टी, म्हटलं. ती हसली आणि तिनं भाजी निवडता निवडता मला समजावलं. डीएनए ही दोन पदरांची साखळी. पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवली की दोन पदर सुटतात. मग पंचावन्न-साठच्या आसपास आणायची. तिथं आपण टाकलेले छोटे तुकडे त्या मोकळ्या पदरावर आपल्या जोडीची जागा शोधून बसतात. या बसण्यालाच त्यांच्याकडेही अ‍ॅनिलिंग म्हणतात. जिथं तुकडा बसला तिथून यंत्र पुढची प्रत तयार करतं. पुन्हा तापवायचं, पुन्हा निववायचं, प्रतीच्या प्रती, असं तीस-पस्तीस वेळा. मला गंमत वाटली. पोलाद काय आणि जनावराचं रक्त काय, दोघांनाही आधी सुटं व्हावं लागतं आणि मग योग्य ठिकाणी बसायला योग्य तापमान लागतं.

मी विचारलं, मग आज बिघडलं काय? ती म्हणाली, तापमान जास्त असलं तर तुकडे बसतच नाहीत, ते परवडतं, काहीच येत नाही आणि आपल्याला कळतं. पण कमी ठेवलं तर ते कुठेही चिकटतात, अर्धवट जुळलं तरी.

"आणि मशीनला काय, मावशी? ती त्याचीच कॉपी काढत बसते. शेवटी जे चुकीचं चिकटलं तेच सगळ्यात जास्त दिसतं. एकदम पक्कं."

माझ्या हातातली पेंडी तशीच राहिली. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"रन कॅन्सल केला. वहीत लिहिलं, टेम्परेचर चुकीचं टाकलं, कुणी टाकलं."

"नाव लिहिलंस?"

"माझंच होतं ना," ती म्हणाली आणि भाजी धुवायला घेऊन गेली.

सव्वीस वर्षांची पोरगी. एका दिवसाच्या कामासाठी आपलं नाव वहीत लिहून आली आणि वर तिला त्यात काही विशेष केलं असंही वाटत नव्हतं. मला तिचा राग आला. खरंच आला. मग स्वतःचा इतका आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

शब्बीरभाईंचा पत्ता काढायला चार दिवस लागले. भोपाळातच जहांगीराबादेत ते पुतण्याच्या दुकानात बसतात, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. मी सकाळी अकराच्या सुमारास गेले. ते तांब्याची एक नळी तापवून पाण्यात बुडवत होते, वळवायच्या आधी मऊ करण्यासाठी. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. स्टूल पुढे केलं, पण चहा विचारला नाही. भोपाळमध्ये चहा न विचारणं म्हणजे काय, हे इथं राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

मी सगळं बोलले. पंजा पाहिला होता, लक्षात होता, घाबरून खोटं बोलले. ते नळी वळवत ऐकत राहिले. मग त्यांनी सांगितलं की कारखान्यातून निघाल्यावर ते सहा भट्ट्यांवर काम मागायला गेले. सहाही ठिकाणी लोकांनी एकच विचारलं, दरवाज़े वाले शब्बीर? गोविंदपुऱ्यात भट्टीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, सगळ्यांना सगळं कळतं. अजूनही नव्या पोरांना शिकवताना त्यांचं नाव घेतात म्हणे, की घाई केली तर शब्बीरसारखं होईल. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही भट्टीचं दार वेळेआधी उघडलं नाही, त्याचं नाव घाईला दिलं होतं. त्यातली पहिली प्रत माझ्या हातची होती.

मी म्हटलं, मी हे लिहिणार आहे, दिवाळीला छापून येईल, सगळं खरं लिहीन. त्यांनी विचारलं, कशात? मी म्हटलं, मराठी मासिकात, दिवाळी अंकात. त्यांनी नळी खाली ठेवली.

"मराठी में? हमारे इधर कौन पढ़ेगा उसे?"

मी म्हटलं, इकडे कुणी नाही.

"तो फिर वो आप अपने लिए लिख रही हैं, मैडम."

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. उठून निघून जावंसं वाटलं. इतक्या लांब आले, कबूल केलं, आणखी काय हवंय या माणसाला? आणि असं वाटताच कळलं की ते म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. मी पुण्या-मुंबईच्या अनोळखी वाचकांपुढे पश्चात्ताप मांडणार होते. ते हळहळले असते, एखादं पत्रही आलं असतं. गोविंदपुऱ्यात पान हललं नसतं. चौकशीत मी जेवढी भित्री होते तेवढीच इथेही होते, फक्त या वेळी लेखणी घेऊन.

मी त्यांच्याकडे कागद मागितला. पुतण्याच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर हिंदीत लिहायला बसले. दीड पान झालं. त्यात पोलादाचा ताण आला, अंश आले, दार किती अंशांवर उघडलं असेल याचा हिशेब आला. मी वाचून दाखवलं. शब्बीरभाई म्हणाले, हे सगळं काढा, कारखान्याच्या फाटकावरच्या लोकांना हे आधीच येतं.

"इतना लिखो कि पंजा किसका नहीं था, और आपको मालूम था."

चार ओळी उरल्या. मी खाली नाव लिहिलं, सही केली. त्यांनी पुतण्याला पाठवून त्या कागदाच्या प्रती काढून आणल्या. एक घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. मग हात धुतले, ज्योत बंद केली आणि म्हणाले, चलिए. कुठं, हे मी विचारलं नाही. दोन वाजता कारखान्याची पाळी बदलते हे दोघांनाही माहीत होतं.

आम्ही रिक्षानं गोविंदपुऱ्याला गेलो. फाटकाशी उतरलो तेव्हा पहिली पाळी सुटत होती. पहारेकरी नवा होता, पण सुटणाऱ्यांत काही जुने चेहरे होते. शब्बीरभाईंना पाहून दोघे-तिघे थबकले. कुणीतरी मला ओळखून नमस्कार केला, मॅडम, आप यहाँ? मी म्हटलं, थोडं थांबा, काही वाचायचंय. माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. पहारेकरी आत फोन करायला धावला. भैयाजी बाहेर येतील असं मला वाटलं होतं. ते आले नाहीत. वरच्या खिडकीचा पडदा हलला, एवढंच.

मी वाचलं. मैं इस कारखाने की लैब में थी. उस सोमवार की सुबह मिट्टी पर जो पंजा था वो शब्बीर का नहीं था, और शब्बीर ने मुझे उसी वक़्त बताया था. मैंने देखकर भी रजिस्टर में मिट्टी साबुत लिखा, और जाँच में झूठ बोला. दरवाज़ा शब्बीर ने नहीं खोला.

पुढच्या रांगेतला एक जुना लोडर जमिनीकडे पाहत होता. त्या रविवारी दार ओढायला कोण कोण होतं ते त्याला माहीत असावं. मागे सायकली धरून उभे असलेले तरुण एकमेकांना विचारत होते, काय झालं, कोण आहे ही बाई. मी कागदाची घडी घालायला लागले. इतका वेळ शब्बीरभाई माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे होते. ते माझ्याकडे वळले.

"एक बार और, मैडम," ते म्हणाले. "पीछे वालों को सुनाई नहीं दिया."

मी घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.